ड्रायव्हरचा उजवा गाल

४ मार्च

ती. अक्का,

नमस्कार. मी बरा आहे. म्हणजे पोट, पाय, डोळे बरे आहेत. तोंडाचं काही खरं नाही, म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही. शिवाय ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

परवा दाढी करायला गेलो होतो. न्हावी नवा आहे, तोंडाचा फटकळ. उजव्या गालावरून वस्तरा फिरवताना म्हणाला, "काका, इकडे सगळे खाचखळगेच आहेत, वस्तरा धक्के खातोय." मग डाव्या गालावर आला आणि म्हणतो कसा, "अरे वा, इकडे कोण राहतं? तुमचा धाकटा भाऊ?" दुकानातली माणसं खो खो हसली. मीही हसलो, पण घरी येऊन आरसा घेऊन खिडकीत बसलो. अक्का, न्हाव्याचं खरं आहे. एका नाकाच्या दोन बाजूंना दोन माणसं राहतात. डावीकडचा साठीचा, उजवीकडचा ऐंशीचा. उजव्या डोळ्याखालची कातडी पिशवीसारखी लोंबते, गालभर डाग आहेत आणि कानाजवळ एक खरखरीत चट्टा आहे, पॉलिश पेपरसारखा. घासून धुतला तरी जात नाही.

जन्मभर बस चालवली, खिडकी उजव्या हाताला, ऊन त्याच बाजूने यायचं. म्हणजे हे उन्हाचंच काम असणार. पण काच तर बंद असायची! बंद काचेतून गाल कसा खराब होईल? माझं शिक्षण अर्धवट, मला यातलं काय कळणार. तुझा जन्म इस्पितळाच्या त्वचेच्या वॉर्डात गेला, तू सांग.

माझं जाऊ दे, माझी गाडी केव्हाच डेपोत लागली. काळजी चिमणीची आहे. माझ्यामागे लेकही त्याच मार्गावर बस चालवते, तशाच सीटवर बसते. काल जेवताना मी आधी तिच्या उजवीकडे बसलो, मग उठून डावीकडे बसलो. "बाबा, खुर्चीला ढेकूण झालेत का?" म्हणाली. तिला काय सांगू? तिच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक रेघा आल्यात. डाव्या डोळ्याला एकही नाही. पोर अजून चाळिशीलाही पोचलेली नाही गं.

शेजारणीने एक मलम आणून दिलंय. वर एका हसऱ्या बाईचं चित्र आहे, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. लावल्यावर चुरचुरतं, म्हणजे गुण येत असावा.

तुझा,
धाकल्या

ता. क. : तोवर मी हातावर हात ठेवून बसलेलो नाही. रोज दुपारी गॅलरीत डावा गाल उन्हाकडे करून बसतो. उजवा तरुण होत नसेल तर डावा म्हातारा करावा, म्हणजे दोन्ही सारखे होतील आणि तंटा मिटेल.


११ मार्च

धाकल्या,

तुझं पत्र वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अरे, एका पायात काटा रुतला म्हणून कोणी दुसऱ्या पायात रुतवून घेतं का? हे वाचतोस ते जर गॅलरीत बसून वाचत असशील, तर आधी आत हो.

काच बंद होती म्हणून तू भाजला नाहीस, एवढंच. भाजणारं ऊन काच बरंचसं अडवते. दुसरं असतं ते चोरपावलांनी येणारं. ते ना भाजतं ना दुखतं, आणि बाजूच्या साध्या काचेतून खुशाल आत शिरतं. कातडीला आतून ताणून धरणारी जी वीण असते ती ते हळूहळू उसवतं. समोरची काच दोन थरांची असते, ती त्याला अडवते. बाजूची काच अडवत नाही. म्हणून तुझं कपाळ ठीक आणि गालाची दैना. आमच्या वॉर्डात ट्रकवाले यायचे, त्यांचीही अशीच दोन-दोन तोंडं असायची.

ते हसऱ्या बाईचं मलम कचऱ्यात टाक. आत काय आहे ते लिहायची ज्याला लाज वाटते, ते तोंडाला फासू नये. अशा मलमांनी कातडी पातळ झालेल्या बायका मी पाहिल्यात. आलेल्या सुरकुत्या साफ पुसणारं औषध मला तरी भेटलं नाही. थोड्या कमी करणारी मलमं आहेत. ती डॉक्टरने द्यायची, रात्री वाटाण्याएवढी लावायची, आणि महिनोन्‌महिने धीर धरायचा. तुझ्याकडे धीर मागणं म्हणजे टकल्याकडे कंगवा मागणं, तरी सांगते.

खरं औषध म्हणजे पुढचं ऊन अडवणं. चिमणीला सनस्क्रीन आणून दे. घरून निघण्याआधी तोंड, मान, कान आणि हातांच्या पाठी, सगळीकडे लावायचं. कंजूषपणा करायचा नाही. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, ढगाळ दिवशीसुद्धा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू दे.

आणि तो खरखरीत चट्टा. ती सुरकुती नव्हे, त्याच्याशी खेळ नको. उद्याच्या उद्या त्वचेच्या डॉक्टरला दाखव. सिगारेटचं काही लिहिलं नाहीस, म्हणजे सोडलेली नाहीस. धुरानेही कातडी म्हातारी होते, बाकीचं तर तुला ठाऊकच आहे.

अक्का


२ एप्रिल

ती. अक्का,

उशीर झाला, कारण डॉक्टरकडे जायचं धैर्य गोळा करत होतो. दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन परत यायचो. शेवटी चिमणीने दंड धरून आत नेलं.

डॉक्टरीण एवढीशी पोर आहे. मी तिलाच म्हटलं, "बाळ, डॉक्टर कधी येतील?" ती म्हणाली, "आल्या आहेत, आजोबा. बसा." भिंगातून चट्टा पाहिला आणि म्हणाली, वेळेवर आलात, असे चट्टे तसेच ठेवले तर त्यातले काही पुढे वाईट वळण घेतात. मला घाम फुटला. मग तिने कसल्याशा थंड वाफेने तो गोठवला. चर्र झालं, खपली धरली, पडली. आता तिथे बाळाच्या टाचेसारखी गुलाबी कातडी आलीय. तरी मी रोज आरशात तपासतो, न जाणो. सिगारेट अर्धी सोडली. म्हणजे अर्धीच ओढतो आणि विझवतो. डॉक्टरीण म्हणाली हे सोडण्यात धरत नाहीत.

चिमणीला सनस्क्रीन आणलं. सकाळी लावते, पण दोन फेऱ्यांच्या मधे तिला वेळ मिळत नाही. हात ओशट होतात, स्टेअरिंग निसटतं म्हणते. वर बाकीचे ड्रायव्हर चिडवतात, "चिमणीबाई, वरातीला निघालात वाटतं!" मला म्हणाली, "बाबा, गाडीभर माणसं वेळेवर पोचवू की गालाला मलम चोळत बसू?"

म्हणून मी जालीम उपाय काढलाय. तिच्या बाजूच्या खिडकीला जाड कापडाचा पडदा शिवला. बाहेरचा आरसा दिसायला हवा, हे मला कोण शिकवणार? मी स्वतः तिच्या सीटवर बसलो, नजर आरशाला लावली, बरोबर तेवढीच खाच कापली आणि कडेने पक्की शिवण घातली. डेपोचा पहारेकरी जुना दोस्त, त्याने पहाटे आत सोडलं. चिमणीला काही सांगितलं नव्हतं. सकाळी गाडीत चढल्यावर कळलं असेल. फार दिवसांनी हातून काहीतरी चांगलं झालं बघ.

तुझा,
धाकल्या


९ एप्रिल

आत्या,

बाबांना न सांगता लिहितेय. ते तुला आता लिहिणार नाहीत. त्यांनी कागद समोर घेतला की डोळे भरतात.

त्यांनी माझ्या खिडकीला पडदा शिवला हे तुला त्यांनी कळवलंच असेल. शिवण अशी सुंदर की शिंप्याने पाहत राहावं. पण माप घ्यायला ते स्वतः बसले. ते केवढे आणि मी केवढी! डेपोत मला चिमणी म्हणतात ते उगाच नाही. आरशासाठी ठेवलेली खाच माझ्या डोक्याच्या वर आली. मी तो पडदा काढून टाकायला हवा होता, पण बाबांनी डोळे फोडून शिवलेला, हात धजेना. वर गुंडाळून चिमटे लावले. वळणावर चिमटा सुटला, पडदा तोंडावर आला. मी ब्रेक दाबला. कोणाला लागलं नाही, फक्त एका बाईंच्या मांडीवरचा अंड्यांचा ट्रे पुढच्या माणसाच्या टोपीत रिकामा झाला. पण त्याच थांब्यावर इन्स्पेक्टर उभे होते.

मला गाडीवरून उतरवलंय. बावीस तारखेला चौकशी आहे. मॅनेजर कडक आहेत, स्टेअरिंग कायमचं जाईल आणि ऑफिसात टेबलापाशी बसवतील असं सगळे म्हणतात. आत्या, मला टेबलापाशी बसायचं नाही. मला गाडी चालवायचीय. लांब पल्ल्याच्या नव्या मार्गासाठी माझं नाव लागणार होतं.

बाबा जेवत नाहीत. मी रागावले नाही असं सांगितलं तर म्हणतात, "रागावली असतीस तर बरं झालं असतं." तू काहीतरी लिही. तुझं ऐकतात.

तुझी,
चिमणी


१४ एप्रिल

धाकल्या,

मला सगळं कळलंय. कसं ते विचारू नकोस आणि पोरीला बोलू नकोस.

आधी जेव. मग ऐक. पडदा चुकीचा होता, पण काळजी चुकीची नव्हती. लोक उलटं करतात, पडद्याबरोबर काळजीही फेकून देतात. तू तसं होऊ देऊ नकोस.

चौकशीला जा. नुसता हात जोडून माफी मागायला जाऊ नकोस, तुला ते फार छान जमतं. चूक माझी असं पहिल्या वाक्यात सांग आणि मग दुसरं वाक्य बोल. दुसऱ्या वाक्यासाठीच तुला पाठवतेय. तुझा तो कंडक्टर, शिट्टी, हिंडता-फिरता आहे ना? त्याला बरोबर ने आणि शेजारी उभा कर. वय सारखं, गाडी एक, नोकरीची वर्षंही तीच, फक्त तो खिडकीत बसला नाही. बाकी बघणाऱ्यांना डोळे आहेत. डॉक्टरीण येत असेल तर सोन्याहून पिवळं.

बाजूच्या काचेला लावायची पारदर्शक फिल्म मिळते. ती चोरटं ऊन अडवते आणि आरसाही दिसतो. ती माग. भीक म्हणून मागायची नाही, कामाचं सामान म्हणून मागायची. ब्रेक मागताना कोणी लाजतं का?

घाबरशील, माहीत आहे. घाबरत घाबरत बोल. ते चालतं.

अक्का


२५ एप्रिल

ती. अक्का,

जिंकलो! हा शब्द मला लिहायची सवय नाही, म्हणून चिमणीकडून तपासून घेतला.

सगळं सांगतो. शिट्टी घ्यायला आला तेव्हा मी म्हटलं, "तू एकटाच जा, मला ताप आहे." त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "बर्फ आहेस बर्फ. चल, डबल बेल!" आणि ढकललंच मला.

मॅनेजरची खोली लहान. ते, इन्स्पेक्टर, युनियनचे सेक्रेटरी आणि एका कडेला माझी चिमणी, नवा शर्ट घालून ताठ उभी. दाराबाहेर सुटी असलेले ड्रायव्हर जमलेले. डॉक्टरीण दवाखाना उघडायच्या आधी वेळ काढून आली होती.

मी पहिलं वाक्य बोललो. "साहेब, पडदा मी लावला. तिला माहीतसुद्धा नव्हतं. माप माझं, चूक माझी."

चिमणी म्हणाली, "चूक माझीपण आहे. गाडी काढण्याआधी तो उतरवायला हवा होता."

मॅनेजर म्हणाले, "काका, तुम्ही इथलेच जुने ड्रायव्हर. आरशापुढे कापड लावतात का? आणि कशासाठी, तर गाल काळा होतो म्हणून? ही काय सिनेमाची कंपनी आहे?"

बाहेर कोणीतरी फिसकन हसलं. अक्का, एरवी मी तिथेच विरघळलो असतो. पण चिमणीची मान खाली गेली आणि मला काय झालं कोण जाणे, मी शिट्टीला ओढून शेजारी उभं केलं.

म्हटलं, "साहेब, आम्हा दोघांकडे बघा. एकाच वर्षी लागलो, एकाच गाडीवर राबलो, एकाच वर्षी निवृत्त झालो. ह्याचे दोन्ही गाल बघा. आता माझा डावा बघा." मी डावा गाल दाखवला. "आता उजवा." आणि वळलो.

मॅनेजर खुर्चीतून पुढे वाकले. शिट्टीला गप्प बसवत नाही, तो म्हणाला, "साहेब, मी काही रूपवान नाही, पण दोन्हीकडून सारखाच कुरूप आहे!" सगळे हसले, पण ह्या खेपेला आमच्या बाजूने हसले.

मॅनेजर म्हणाले, "पण काच बंद असते ना?" तिथे माझी विद्या संपली. मी डॉक्टरणीकडे पाहिलं. तिने दोन प्रकारचं ऊन समजावलं, अगदी तू लिहिलंस तसंच, आणि म्हणाली, "प्रश्न नुसता सुरकुत्यांचा नाही. ह्यांच्या गालावरचा एक चट्टा मी मागच्याच महिन्यात काढलाय. असे अजून कोणाला आहेत ते बघायला हवं."

मग गंमत झाली. दारातल्या ड्रायव्हरांनी एकमेकांची तोंडं धरून वळवायला सुरुवात केली. "अरे, तुझा बघ!" "माझं सोड, तुझा कान बघ!" चिमणीला वरातीवरून चिडवणारा धिप्पाड गडी सगळ्यांत पुढे आला आणि डॉक्टरणीला हळूच विचारतो, "बाई, हे माझं नाकाजवळचं काय आहे?" इन्स्पेक्टर पूर्वी ड्रायव्हर होते. त्यांचा हात आपोआप उजव्या गालावर गेला. मॅनेजरनी ते पाहिलं.

मी दुसरं वाक्य बोललो. "साहेब, पडदा नको. काचेला पारदर्शक फिल्म द्या. मी मेहेरबानी मागत नाही. ब्रेक लागतो, वायपर लागतो, तशीच ही लागते." माझा आवाज कापत होता, पण शेवटपर्यंत पोचला.

निकाल असा. चिमणीला तोंडी ताकीद, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा स्टेअरिंग. तिच्या गाडीला आधी फिल्म लावून बघायची. आरसा सकाळ-संध्याकाळ नीट दिसला तर सगळ्या गाड्यांना. डॉक्टरीण येऊन डेपोतल्या सगळ्यांची तोंडं तपासणार. उठताना मॅनेजर म्हणाले, "काका, पुढच्या वेळी काही शिवायचं असेल तर आधी मला विचारा."

बाहेर आल्यावर चिमणी सरळ माझ्यापाशी आली. सगळ्या डेपोसमोर माझ्या उजव्या गालाची पापी घेतली. माझी तर लाजेने कानशिलं तापली.

तुझा,
धाकल्या


३० एप्रिल

धाकल्या,

तुझं पत्र शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवलं, मग तिच्या सुनेला. उद्या दूधवाल्याला पकडणार आहे. लहानपणी पाहुणे आले की पलंगाखाली लपणारा माझा भाऊ मॅनेजरपुढे गाल वळवून उभा राहिला, हे जगाला कळायला नको?

आता चढून जाऊ नकोस. सनस्क्रीन लावतोस ना? आणि ती अर्धी सिगारेट?

अक्का


१९ जून

ती. अक्का,

सिगारेट पूर्ण सुटली. शपथ मी नाही, चिमणीने घेतली आहे, माझ्या वतीने.

डॉक्टरणीने डेपोत तपासणी केली. त्या धिप्पाड गड्याच्या नाकाजवळचा चट्टा माझ्यासारखाच निघाला, वेळेत सापडला. त्याने मला रस्त्यात गाठून दोन्ही हात धरले. मी घाबरलो, वाटलं मारतोय. माझ्या सुरकुत्या म्हणशील तर जागच्या जागी आहेत. रात्रीचं मलम लावतो. डाग थोडे फिके झालेत असं डॉक्टरीण म्हणते. मला तेही पुष्कळ आहे.

चिमणीच्या गाडीची चाचणी पार पडली. फिल्म लावलीय हे सांगितल्याशिवाय कळत नाही, इतकी स्वच्छ. आता वर्कशॉपवाले एकेक गाडी घेतायत. आणि अक्का, लांब पल्ल्याचा नवा मार्ग तिलाच मिळाला. आज पहिली फेरी होती.

मी सकाळी डेपोत गेलो. बाहेरून बघणार होतो, पण पहारेकऱ्याने आत नेलं. आत काय दृश्य! हात धुवायच्या जागेच्या आरशासमोर ड्रायव्हरांची रांग, सगळ्यांची तोंडं सनस्क्रीनने पांढरी. भिंतीवर मोठी बाटली टांगलेली. एक दुसऱ्याला म्हणतो, "कान राहिला, कान!" दुसरा म्हणतो, "बायकोने आयुष्यात एवढं निरखलं नाही मला." धिप्पाड गडी सगळ्यांच्या माना तपासत होता, शाळेत नखं तपासतात तसा.

चिमणी सीटवर चढली. आतून ओरडली, "हात पुसून चढा रे सगळे! स्टेअरिंग निसटलं तर माझ्या बाबांना चौकशीला बोलावतील!" हशा पिकला. मग तिने आरसा पाहिला, मला पाहिलं आणि हॉर्न दिला. तो नियमात बसत नाही, पण खिडकीत उभ्या मॅनेजरनी नजर घड्याळाकडे वळवली.

गाडी फाटकातून निघाली. ऊन सरळ तिच्या उजव्या बाजूला पडलं होतं. ती खुशाल त्यातून गेली, लांबच्या रस्त्याला लागली.

मी फाटकाजवळच्या बाकावर बसलो. नेहमीसारखी थोडी काळजी करून घ्यावी म्हटलं. बराच वेळ शोधली अक्का, पण आज एकही सापडली नाही.

तुझा,
धाकल्या